फूटभर शेजार

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय करू नये हे मात्र कोणी वेळेवर सांगत नाही. सांगितलं असतं तर त्सुनेओ ओगिनो यांनी हातात झाडू घेतला नसता आणि क्योतोच्या त्या अकरा घरांच्या गल्लीत सगळं सुरळीत चाललं असतं.

झालं एवढंच, की फुसाएबाईंचा गुडघा बदलायचं ठरलं. इस्पितळात तीन आठवडे राहायचं होतं. जाण्यापूर्वी त्यांनी नवऱ्यासाठी सतरा कलमांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. भाताला पाणी किती, कागदाचा कचरा कुठल्या वारी, बाटल्यांचा कुठल्या वारी, सगळं त्यात होतं. पण पहिलं कलम होतं, 'रोज सकाळी सहाला दारासमोर झाडणे. शेजारचं थोडं.'

"बाकी काही चुकलं तरी चालेल," फुसाएबाई बूट चढवता चढवता म्हणाल्या. "भात करपवा, कपडे आटवा, पण दारापुढचं चुकवू नका. चौतीस वर्षांत शेजारच्या सुगिमोरी काकूंशी एकदाही वाकडं झालेलं नाही माझं. ते बिघडलं तर या गल्लीत मला परत यायला नको वाटेल."

"अगं, झाडणं ते काय. एक झाडू, एक कचरा."

"म्हणूनच सांगतेय," असं म्हणून बाई टॅक्सीत बसल्या.

त्सुनेओंना हा अविश्वास लागला. अडतीस वर्षं ते वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. अर्ध्या ग्रॅमची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अशा माणसाला झाडू मारायचं शिकवावं, हे म्हणजे जरा जास्तच झालं. आता हे खरं, की चौतीस वर्षांत ते रोज पावणेसातला घराबाहेर पडले ते कायम झाडलेल्या, पाणी शिंपडलेल्या दगडांवरूनच, आणि ते दगड रात्रीतून आपोआप स्वच्छ होत नसावेत हा विचार त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. पण हा दोष एकट्या त्सुनेओंचा नव्हे. बहुतेक नवरे असेच कामावर जातात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्सुनेओ मूळचे नागोयाचे. गल्लीत येऊन त्यांना चौतीसच वर्षं झाली होती. उजवीकडच्या सुगिमोरीबाईंची सातवी पिढी त्याच घरात नांदत होती. त्यामुळे गल्लीत अजूनही ओगिनो म्हणजे 'ते नवीन आलेले'.

मंगळवारी सकाळी सहाच्या ठोक्याला त्सुनेओ झाडू घेऊन बाहेर आले. अंगणातल्या मेपलने रात्रीतून लाल पानांचा सडा घातला होता. त्यांनी आपलं दार झाडलं. अंगात उत्साह होता, हवा गार होती, सुगिमोरीबाईंच्या दारापुढेही पानं पडली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा बाई, तिने का वाकावं? 'शेजारचं थोडं' म्हणण्यात बायकोने कंजूसपणा केला असं ठरवून त्यांनी सुगिमोरीबाईंची सगळी बाजू पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत लख्ख केली. वर बादलीभर पाणी शिंपडलं.

तेवढ्यात सुगिमोरीबाई झाडू घेऊन बाहेर आल्या. पांढरं एप्रन, केस चापूनचोपून बसवलेले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कमरेत खोल वाकल्या.

"अगबाई, ओगिनोसाहेब. इतकं केलंत? आम्हाला तर काही उरलंच नाही करायला."

"छे छे, त्यात काय," त्सुनेओ तितकेच वाकून म्हणाले. पहिल्याच दिवशी कौतुक झालं होतं.

दहा वाजता बाई पुन्हा आल्या. हातात कापडात बांधलेला डबा, आत दालचिनीच्या सहा गोड वड्या. त्सुनेओंनी त्या सहाही चहाबरोबर खाल्ल्या आणि दुपारी इस्पितळात जाऊन बायकोला सांगितलं, की काकू एकदम खूश आहेत.

बुधवारी सहाला ते बाहेर आले तर त्यांचं स्वतःचं दार झाडून झालं होतं. नुसतं थोडं नव्हे, डाव्या बाजूच्या खांबापर्यंत. दगड ओले होते, एक पान शिल्लक नव्हतं. समोरच्या घरापुढे गल्लीचे अध्यक्ष काजितानी कुंड्यांना पाणी घालत होते. काजितानींचा पिढीजात चटयांचा धंदा, आणि कुठलीही गोष्ट हवामानाच्या भाषेत बोलण्याची पिढीजात सवय.

"आज उजाडलं जरा लवकर," काजितानी म्हणाले.

"माझं दार कोणी झाडलं?"

"थंडीच्या दिवसांत असं होतं," काजितानी म्हणाले आणि आत गेले.

सुगिमोरीबाईंनीच झाडलं हे उघड होतं. पण आपल्या हिश्शाचं काम एका म्हाताऱ्या बाईने करावं, हे अडतीस वर्षांच्या नोकरीत एकही रजा न मागितलेल्या माणसाला कसं सहन व्हावं? गुरुवारी त्सुनेओ साडेपाचला उठले आणि दोन्ही घरांपुढचं झाडून मोकळे झाले. दहाला डबा आला. शुक्रवारी ते सव्वापाचला गेले तर दोन्ही घरांपुढचं झाडून झालेलं. शनिवारी ते पाचला गेले. डबा आला. गोडाने त्यांची दाढ दुखायला लागली होती, पण माघार घेणं रक्तात नव्हतं. रविवारी पावणेपाचला ते पाय न वाजवता दार सरकवून बाहेर आले, तर शेजारचंही दार त्याच वेळी सरकलं. अंधारात दोघंही झाडू घेऊन समोरासमोर उभे.

"किती लवकर उठता हो तुम्ही," बाई वाकून म्हणाल्या.

"तुमच्यापुढे काहीच नाही," त्सुनेओ वाकून म्हणाले.

मग बाईंनी वर मेपलकडे पाहिलं. "तुमच्या झाडाची पानं मात्र काय सुंदर. तुमच्यामुळे आमच्याही दारात शरद ऋतू आला."

त्सुनेओंना भरून आलं. आपण इतके दिवस एका रसिक बाईच्या दारातून तिचा शरद ऋतू झाडून नेत होतो, या विचाराने त्यांना अपराधी वाटलं. सोमवारपासून त्यांनी तिच्या बाजूची पानं जशीच्या तशी ठेवली. इतकंच नव्हे, तर आपल्या बाजूची चांगली, न फाटलेली दहा-बारा पानं निवडून हलक्या हाताने तिच्या उंबऱ्याजवळ मांडली.

दुसऱ्या दिवशी गल्लीची फिरती वही आली. ही वही घरोघर जाते, प्रत्येकाने सूचना वाचायची, शिक्का उठवायचा आणि पुढच्या घरी द्यायची. ओगिनोंचा नंबर तिसरा. या वेळी मात्र वही आली तेव्हा तिच्यावर दहा शिक्के आधीच होते. आत सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पानगळीचे दिवस आहेत. आपापल्या झाडांवर सर्वांचं प्रेम असेलच.' त्सुनेओंना सूचना आवडली. त्यांनी अकरावा शिक्का उठवला आणि वही परत देताना काजितानींना मुद्द्याचं विचारलं.

"काजितानीसाहेब, सरळ सांगा. शेजारचं थोडं झाडायचं म्हणजे किती?"

काजितानींनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ निरभ्र होतं, त्यामुळे पळवाट उरली नाही. "आमच्याकडे आपलं फूटभर म्हणतात. कमी केलं तर कोरडेपणा. जास्त केलं तर, म्हणजे, वारा सुटल्यासारखं होतं."

"आणि त्या आमच्या बाजूला फूटभर येतात?"

"वहिनी इथे होत्या तेव्हा यायच्या."

त्सुनेओ घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसले. म्हणजे हद्दीच्या दोन्ही अंगांना मिळून दोन फूट जागा रोज दोनदा झाडली जात होती. एकदा आपल्याकडून, एकदा त्यांच्याकडून. रोज, चौतीस वर्षं. कारखान्यात एखादा काटा दोनदा तपासला गेला असता तर त्यांनी त्या विभागाच्या प्रमुखाला बोलावून घेतलं असतं. हा सगळा घोळ होण्याचं कारण एकच, की हद्द नेमकी कुठे आहे हे कोणी ठरवलंच नव्हतं. कोणी म्हणे भिंतीपाशी, कोणी म्हणे गटाराच्या तिसऱ्या झाकणापाशी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्सुनेओ दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या कचेरीत गेले.

"रस्ता कोणी झाडायचा?" त्यांनी खिडकीतल्या तरुण कारकुनाला विचारलं.

"रस्ता सरकारचा आहे," कारकून म्हणाला. "पण झाडतात लोक."

"किती झाडतात?"

"तशी काही नोंद नसते."

"मग हद्द ठरवून मिळेल का?"

कारकुनाने चार पानी अर्ज काढला. "यावर शेजाऱ्यांचा शिक्का लागेल. मोजणीदार आणावा लागेल. वाद कशाबद्दल आहे?"

"वाद नाहीच. आमचे फार गोडीचे संबंध आहेत. म्हणून तर ठरवून टाकायचं."

"वाद नसताना हद्द ठरवायला आजवर कोणी आलेलं नाही," कारकून म्हणाला आणि मागे कोणाला तरी विचारायला गेला. परत येऊन त्याने सांगितलं की अर्ज घेता येईल, पण 'वाद' या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल, रकाना कोरा चालत नाही. त्सुनेओ अर्ज घडी करून परत आले. त्यांच्यामागे रांगेत गल्लीतल्या नवव्या घरची सून उभी होती हे त्यांनी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ओगिनो मोजणीदार आणणार ही बातमी गल्लीभर झाली होती.

सरकारचा नाद सोडून त्सुनेओंनी स्वतःच मोजायचं ठरवलं. कारखान्यातून निवृत्त होताना भेट मिळालेली पोलादी पट्टी काढली. घराचे जुने नकाशे काढले. गुरुवारी दुपारी गुडघ्यांवर बसून त्यांनी भिंतीच्या मध्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत पिवळ्या खडूने एक रेघ मारली. खडूही कारखान्यातलाच, तेलाचा, लोखंडावर खुणा करायचा. रेघ इतकी सरळ आली की ते स्वतःच दोन मिनिटं तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुगिमोरीबाईंना हाक मारली.

"बघा, आता भानगडच मिटली. रेघेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं. कोणाला दोनदा झाडायला नको, लवकर उठायला नको, तुमच्या कमरेलाही आराम."

सुगिमोरीबाई रेघेकडे बराच वेळ पाहत होत्या. "ओगिनोसाहेब किती हुशार," त्या म्हणाल्या. "आम्हा अडाण्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं." त्या वाकल्या, आत गेल्या आणि दार अगदी हळू सरकवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी त्या झाडायला आल्या नाहीत. शनिवारीही नाहीत. दहा वाजता डबा नाही. रविवारी त्यांच्या दारापुढे पानांचा थर साचला. त्या घरापुढे असा कचरा गल्लीतल्या कोणीच जन्मात पाहिला नव्हता. लोक तिथून जाताना आवाज न करता जात. आत दिवा लागलेला दिसे, म्हणजे बाई घरातच होत्या. त्सुनेओ झाडू घेऊन रेघेपाशी येत आणि थांबत. पलीकडे पाऊल टाकावं तरी पंचाईत, न टाकावं तरी पंचाईत, आणि ही पंचाईत स्वतःच्याच हाताने आखलेली.

सोमवारी ते इस्पितळात गेले. फुसाएबाई पलंगावर बसून गुडघा वाकवण्याचा व्यायाम करत होत्या. शनिवारी त्यांना घरी सोडणार होते.

"काकू काय म्हणाल्या आज?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

आतापर्यंत त्सुनेओ 'छान म्हणाल्या' एवढंच सांगत आले होते. पण तीन दिवसांत त्यांना भात गोड लागला नव्हता. त्यांनी खाली मान घालून पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, तपासणी विभागाच्या अहवालासारखं, शब्दाला शब्द.

"आम्हाला काही उरलंच नाही, असं म्हणाल्या?" फुसाएबाईंचा गुडघा अर्ध्यातच थांबला. "अहो, त्या म्हणत होत्या की माझं काम हिसकावून घेऊ नका."

"मग डबा?"

"उपकार अंगावर ठेवत नाहीत त्या. फेडत होत्या. पुढे?"

"आमच्याही दारात शरद ऋतू आला, म्हणाल्या."

"म्हणजे तुमची पानं उचला."

त्सुनेओंनी निवडून मांडलेल्या दहा-बारा पानांची गोष्ट सांगितली. फुसाएबाईंनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांना कळेना, म्हणून ते तसेच पुढे सांगत राहिले. रेघेपर्यंत आले तेव्हा पांघरुणाखालची हालचाल थांबली.

"नेमकी हद्दीवर मारलीत?" फुसाएबाई पांघरूण काढून म्हणाल्या.

"दोन फूट जागा दोनदा झाडली जात होती, फुसाए. चौतीस वर्षं."

"आम्ही तिथे कचरा झाडत होतो असं वाटतं तुम्हाला?"

त्सुनेओंनी मान वर केली.

"मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा या गल्लीत कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. तुम्ही सकाळी जायचात ते रात्री यायचात. दिवसभरात मला माणूस भेटायचं ते तिथे. त्या फूटभर इकडे यायच्या, मी फूटभर तिकडे जायचे, दहा मिनिटं जायची. माझी आई गेली तेव्हा काकू सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. महिनाभर रोज तिथे उभ्या राहून विचारायच्या, आज थंडी कशी आहे. मी सांगायचे, आज जास्त आहे, आज कमी आहे. तेवढ्यावर मी उभी राहिले. बायकांना नुसतं गप्पा मारत उभं राहता येत नाही हो. हातात झाडू लागतो, आणि झाडायला जागा लागते."

"मग आता?"

"आता जाऊन ती रेघ पुसा," फुसाएबाई म्हणाल्या. "शनिवारच्या आत."

रेघ पुसली गेली नाही. हा खडू उन्हापावसात दोन वर्षं टिकतो, असं प्रमाणपत्र पाच वर्षांपूर्वी ज्यांनी सही करून दिलं होतं ते त्सुनेओ ओगिनोच होते, आणि त्यांनी खोटी सही आयुष्यात केली नव्हती. मंगळवारी त्यांनी साबण लावला. बुधवारी व्हिनेगर. गल्ली हळूहळू जमा झाली. नवव्या घरच्या सुनेने नखांचा रंग काढायची बाटली आणून दिली. कोणी तांदळाचं धुवण सांगितलं, कोणी राख. काजितानी म्हणाले की गुरुवारी पाऊस येण्याची शक्यता आहे, आणि त्यात सहानुभूती आहे हे त्सुनेओंना पहिल्यांदाच कळलं. इतकी माणसं त्यांच्याशी चौतीस वर्षांत बोलली नव्हती. पण सुगिमोरीबाईंचं दार बंद होतं.

गुरुवारी खरोखरच पाऊस आला. रेघ धुऊन आणखी उठावदार झाली. शुक्रवारी सकाळी त्सुनेओ पुन्हा गुडघ्यांवर बसले, तारेचा ब्रश घेऊन. दगडाबरोबर बोटांची सालंही निघाली. उद्या दुपारी टॅक्सी येणार. बायको उतरणार. तिला पहिल्यांदा ही पिवळी रेघ दिसणार, मग पलीकडचा तो पानांचा ढीग. आपण हिची एकुलती एक मैत्रीण घालवली, असं त्यांच्या मनात आलं आणि एकसष्ट वर्षांच्या त्या गृहस्थांच्या डोळ्यांतून त्याच दगडावर दोन थेंब पडले. त्यांनी तेही घासले.

शेजारचं दार सरकलं.

सुगिमोरीबाई बादली घेऊन आल्या. रेघेच्या दुसऱ्या टोकाला सावकाश बसल्या. "एवढं कशाला घासता," त्या म्हणाल्या. "रेघ सरळ होती."

याचा अर्थ काय असेल हे त्सुनेओंनी शोधायचा प्रयत्न केला नाही. ते हात टेकून कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मला काही कळत नाही इथलं. फुसाएवर राग धरू नका."

बाईंनी बादलीतून ब्रश काढला आणि आपल्या टोकाने घासायला लागल्या. दोघंही आपापल्या टोकाकडून एकमेकांकडे असे तासभर सरकत गेले. रेघ पूर्ण गेली नाही. पण दगडाचा रंग इतका बदलला की कोणाला सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

शनिवारी फुसाएबाई काठी टेकत घरी आल्या. दारापुढे दोन्ही बाजूंना एक पान नव्हतं. त्यांनी दगडांकडे निरखून पाहिलं, नवऱ्याच्या बोटांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. डॉक्टरांनी दोन महिने वाकायला मनाई केली होती. म्हणजे झाडू त्सुनेओंच्याच हातात राहणार होता.

रविवारी सहाला ते बाहेर पडले. आपलं दार झाडलं, मग फूटभर पुढे गेले, अंदाजाने, पट्टीशिवाय. समोरून सुगिमोरीबाई झाडत झाडत फूटभर इकडे आल्या. दोघं त्या दोन फुटांत उभे राहिले. त्सुनेओ कमरेत वाकले आणि मनाची तयारी करून थांबले, की आता काहीतरी गोड ऐकायला मिळणार आणि इस्पितळातल्यासारखं घरी जाऊन त्याचा अर्थ विचारावा लागणार.

"ओगिनोसाहेब," सुगिमोरीबाई म्हणाल्या, "तुम्हाला झाडता येत नाही."

"काय?"

"वाऱ्याकडे तोंड करून झाडता तुम्ही. सगळा कचरा माझ्या दारात येतो. पाठ करा वाऱ्याकडे. आणि पाणी ओतू नका असं, शिंपडा. काजितानींच्या चपला भिजतात रोज. ते बोलायचे नाहीत, मी बोलते. कळलं का?"

"कळलं," त्सुनेओ म्हणाले.

"थंडी कशी आहे आज?"

"आज," त्सुनेओंनी जरा विचार केला, "आज कमी आहे."

ते घरात आले तेव्हा फुसाएबाई चहा ओतत होत्या. त्सुनेओ दारातच उभे राहिले. झाडू हातातच होता, चेहरा लाल झाला होता.

"फुसाए, काकू मला बोलल्या. तोंडावर. झाडता येत नाही म्हणाल्या."

फुसाएबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. "सरळ तसंच म्हणाल्या? आडून नाही?"

"सरळ."

फुसाएबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला अकरा वर्षं लागली होती हो."